फी वसूल

वार्षिक फी बिलात धरल्याचा बँकेचा मेसेज इंद्रजितच्या मोबाइलवर आला, आणि त्याच्या दुर्दैवाने तो आधी त्याच्या बायकोने, दीपाने वाचला. आर्णीतल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे दीपाचं ब्युटी पार्लर. घरातला धड चालणारा चार्जिंगचा प्लग तेवढा तिथेच होता. दीपा एका बाईच्या भुवया कोरत होती, दोऱ्याचं टोक दातांत होतं. मेसेज वाचून तिने त्या बाईची एक भुवई तशीच ठेवली, दोऱ्यासकट उठली आणि स्वयंपाकघरात आली.

“साडेतीन हजार. वरून जीएसटी,” ती म्हणाली. “कायचे हो हे?”

इंद्रजित खोब्रागडे कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचा. सहारात वारे कुठून वाहतात, अँडीज किती उंच आहे, चिलीचा आकार मिरचीसारखा का, हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतः मात्र तो महाराष्ट्राबाहेर फक्त आदिलाबादपर्यंत गेला होता; तेही मावसभावाच्या लग्नाला. मागच्या वर्षी नागपूरच्या एका मॉलमध्ये दीपा पार्लरचं सामान घेत होती आणि हा बाहेर पिशव्या सांभाळत उभा होता. तेव्हा टाय घातलेल्या एका पोराने त्याला गाठलं आणि अदबीने विचारलं, “सर, आप ट्रॅव्हल करते हैं?” जगाचा भूगोल शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाला नाही म्हणवेना. तो हो म्हणाला आणि पंधरवड्यात कार्ड घरी आलं. निळं कार्ड, त्यावर विमान आणि पृथ्वीचा गोल. त्या गोलात भारत दिसत नव्हता, पलीकडची बाजू होती. ते इंद्रजितच्या लगेच लक्षात आलं, पण त्याने कोणाला सांगितलं नाही.

पहिलं वर्ष फुकट होतं. त्या वर्षात कार्ड पेट्रोल पंपावर दोनदा आणि पार्लरच्या हेअर ड्रायरसाठी एकदा वापरलं गेलं. आता दुसरं वर्ष लागलं होतं.

जेवणाच्या वेळी घरात विषय निघाला. दीपाचं म्हणणं सरळ होतं. महिन्याच्या आत कार्ड बंद केलं तर फी परत मिळते असं मेसेजमध्येच लिहिलंय, तर फोन करा आणि बंद करा. इंद्रजितचं म्हणणं असं, की एखादी वस्तू महाग की स्वस्त हे वापरल्याशिवाय ठरवू नये. मग त्याने कार्डाचे फायदे सांगितले. पॉइंट मिळतात. सामान हरवलं तर विमा मिळतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे विमानतळावर लाउंजमध्ये बसायला मिळतं, तिथे खाणंपिणं फुकट.

त्याचे वडील बाबाराव एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. ते भाकरी मोडत म्हणाले की स्टँडावरचे बाकडेही फुकटच आहेत, त्याला कार्ड लागत नाही. आई पंचफुला वरण वाढत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं की तिथे खायला काय देतात. पोहे, इडली, असं सगळं देतात, इंद्रजितने सांगितलं. ती बरं म्हणाली आणि पुन्हा वरण वाढू लागली.

योगायोगाने पायलच्या बाळाचं नामकरण तोंडावर आलं होतं. पायल ही इंद्रजितची बहीण, पुण्याला दिलेली. दर वेळी सगळे ट्रॅव्हल्सने जायचे आणि पाय सुजवून उतरायचे. या वेळी नागपूरहून विमानाने जाऊ, इंद्रजित म्हणाला. तिकीट कार्डावर काढू, लाउंजमध्ये बसू आणि परत आल्यावर ठरवू, कार्ड ठेवायचं की नाही.

बाबारावांनी तिथल्या तिथे नकार दिला. “ज्या गाडीले हात दाखवून थांबवता येत नाही, त्या गाडीत मी बसत नाही,” ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

दीपालाही जमणार नव्हतं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला होता, अर्ध्या लग्नांच्या तारखा पुढे गेल्या होत्या, आणि पार्लरला त्या महिन्यात नवरीची एकच ऑर्डर होती. ती नेमकी निघायच्याच दिवशी सकाळी. ती आटोपून दीपा आणि बाबाराव यवतमाळहून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघतील असं ठरलं. राहिली पंचफुला. येशील ना, असं इंद्रजितने विचारलं.

“तू म्हनशील तसं,” ती म्हणाली.

हे हो नव्हतं, पण इंद्रजितला ते होसारखंच ऐकू आलं. त्याने तिकिटं काढली.

गोष्ट घरात राहिली असती तर बरं झालं असतं. पण पार्लर असलेल्या घरातली गोष्ट घरात राहत नाही. दोन दिवसांत गल्लीला कळलं की पंचफुलाकाकू विमानात बसणार. वर्गातल्या पोरांनी सरांना विचारलं की पैनगंगा वरून नकाशातल्यासारखीच दिसते का, ते पाहून या. आणि शेजारचा घनश्याम संध्याकाळी येऊन ओट्यावर बसला.

घनश्यामची सात एकर कोरडवाहू होती. चांगल्या सालात त्याने जुनी कार घेतली होती. या साली बोंडं उघडून पाहावीत तर आत अळी, म्हणून आता ती कार भाड्याने फिरत होती. पण सरांकडून भाडं घेणार नाही, फक्त डिझेल टाका, असं तो म्हणाला. त्याच्या बायकोला, विजयमालाला, तसंही नागपूरला डोळे दाखवायचे होते आणि विमान जवळून पाहायचं होतं. डोळे आधी की विमान आधी, हे अजून ठरलं नव्हतं.

पंचफुलाने तोवर बाळासाठी छोटी गादी आणि उशी शिवली होती. आत भरलेली रुई घनश्यामच्या शेतातल्या पहिल्या वेच्याची, अळी पडायच्या आधीची. विजयमालाने ती पिंजून आणून दिली होती. गादीत तूरडाळीची पिशवी, जवसाची चटणी आणि बाळंतिणीचे डिंकाचे लाडू गुंडाळले, वरून जुन्या लुगड्याची गाठ मारली. गाठोडं इतकं टम्म झालं की घनश्यामच्या डिकीत तेवढंच मावलं. इंद्रजितची नवी बॅग विजयमालाच्या मांडीवर गेली.

निघायला ठरवलं त्यापेक्षा फार लवकर निघाले, त्यामुळे पोचलेही फार लवकर. घनश्यामला आत जाता येणार नव्हतं. त्याने पंचफुलाच्या पाया पडून घेतलं, जणू ती परत येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. विजयमालाने डोळे पुसले, पण ते दुखत होते म्हणूनही असेल. आम्ही बाहेर रस्त्यावर थांबून तुमचं विमान उडताना पाहू आणि मगच दवाखान्यात जाऊ, असं घनश्यामने सांगितलं.

काउंटरवर गाठोडं दिलं, तपासणी झाली, आणि दोघं लाउंजच्या दाराशी आले. तिथल्या मुलीने हसून कार्ड घेतलं, मशीनमध्ये घातलं आणि मग हलक्या आवाजात सांगितलं की या कार्डावर एकालाच प्रवेश आहे. सोबतच्या माणसाचे वेगळे पैसे पडतील. किती, ते तिने सांगितलं. फीच्या निम्म्याच्या आसपास होते.

इंद्रजितने मागे पाहिलं. पंचफुला पदर सावरून उभी होती आणि काचेतून आतल्या सोफ्यांकडे पाहत होती. त्याने काही न बोलता पैसे भरले.

“काय म्हने ते पोरगी?” पंचफुलाने विचारलं.

“काही नाही, सही पाह्यजे होती.”

आत गेल्यावर इंद्रजितच्या मनात हिशेब बदलला. आता नुसतं बसून भागणार नव्हतं. फी आणि आताचे पैसे मिळून जेवढे झाले तेवढं पोटात गेलं पाहिजे होतं. त्याने इडली घेतली, उपमा घेतला, सँडविच घेतलं, टोमॅटोचं सूप घेतलं. सकाळी निघताना दीपाने दिलेला डबा त्याच्या पिशवीत तसाच होता. तो त्याने पायाने टेबलाखाली सरकवला.

पंचफुलाने पोहे घेतले. चमचाभर खाऊन तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “यावर तर्री नाही?” तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने तसेच कोरडे खाल्ले आणि मग ताटली घेऊन धुवायला मोरी शोधू लागली. तिथे काम करणाऱ्या एका तरुण मुलीने धावत येऊन ताटली हातातून घेतली. आजी, राहू द्या, ते माझं काम आहे, म्हणाली. बोलण्यावरून ती आपल्याकडची असल्याचा पंचफुलाला वास आला. तिने गाव विचारलं. मुलीचं नाव प्रेरणा आणि गाव बाभुळगाव निघालं. मग बाभुळगावात कोणाच्या घरामागे, कोणत्या गल्लीत, असं होत होत पंचफुलाच्या माहेरच्या एका ओळखीपर्यंत पोचलं, आणि त्यानंतर प्रेरणा दर थोड्या वेळाने चहा घेऊन येऊ लागली. सोफा इतका मऊ होता की पंचफुला एकदा बसली की उठायला तिला दोन्ही हात टेकावे लागत. म्हणून ती उठलीच नाही.

काचेच्या भिंतीतून विमान अगदी समोर दिसत होतं. निळं-पांढरं, शांत उभं. इंद्रजितने आपली खुर्ची मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून लावली. तो कंडक्टरचा मुलगा होता. गाडी स्टँडावर उभी आहे तोवर चहा प्यायला हरकत नाही, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. शिवाय बुकिंगवाले दोन प्रवासी कमी असले तर कंडक्टर खाली उतरून हाक मारतोच. तिकिटावर जी वेळ होती ती त्याने विमान सुटायची वेळ म्हणून धरली, आणि सुटायच्या वेळेच्या थोडं आधी उठायचं ठरवलं. त्यात त्याला चूक काही वाटली नाही. विमान तर नजरेसमोर होतं.

तो गुलाबजाम आणायला गेला असताना प्रेरणा पंचफुलाजवळ आली. “आजी, पुण्याच्या विमानात लोक बसून राह्यले. इथं आवाज देत नाही, आपलं आपल्यालेच जा लागते. सरांना सांगजा.”

“सांगतो,” पंचफुला म्हणाली.

मग तिने काचेतून त्या विमानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या पोटाखाली माणसं मुंग्यांसारखी फिरत होती. इंद्रजित दोन वाट्या घेऊन आला. तिने तोंड उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “माह्यातला बी तूच खा. मले गोड नको.”

त्याने दोन्ही खाल्ले. रुमालाने तोंड पुसून समाधानाने तो उठला तेव्हा विमान जागेवरच होतं. दोघं रमतगमत गेटच्या दाराशी गेले. तिथे रांग नव्हती, कोणीच नव्हतं, फक्त एक बाई कागद आवरत होती.

तिने पास पाहिला आणि सांगितलं की गेट बंद झालं आहे. इंद्रजितला ते कळलं नाही. त्याने तिला बोट करून विमान दाखवलं.

“मॅडम, ते काय उभं आहे.”

“हो सर. पण गेट बंद झालंय.”

“पण विमान इथंच आहे ना?”

“आहे सर.”

“मग आम्ही जातो. दोघंच आहोत.”

ती बाई चिडली नाही. तिने समजावून सांगितलं की वेळेच्या आधीच दार बंद होतं, ते पासवर लिहिलेलं असतं, आणि एकदा बंद झालं की ती स्वतःही ते उघडू शकत नाही. इंद्रजितने पास डोळ्यांजवळ नेला. लिहिलेलं होतं. कर्क आणि मकर वृत्तांसारखं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मग तिने विचारलं की काही सामान आत गेलंय का. गाठोडं, इंद्रजित म्हणाला. तिने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं. त्यानंतर जे झालं ते दोघांनी काचेतून उभं राहून पाहिलं. प्रवासी नसेल तर त्याचं सामान विमानात ठेवत नाहीत. ते शोधून खाली काढल्याशिवाय विमान हलत नाही. त्यांच्यासाठी न थांबलेलं विमान आता त्यांच्या गाठोड्यासाठी थांबलं. माणसांनी बॅगा बाहेर काढल्या, पुन्हा आत टाकल्या, आणि शेवटी जुन्या लुगड्यातली बाळाची गादी दोघांनी मिळून उतरवली. मग विमान हळूच मागे सरलं, वळलं आणि गेलं.

बाहेर रस्त्यावर विजयमालाने त्याला हात हलवून निरोप दिला. काकू खिडकीशी बसल्या होत्या, असं तिने नंतर शपथेवर सांगितलं.

इंद्रजित खाली बसला. तो रडला नाही, पण भूगोलाच्या मास्तरचा चेहरा कसा नसावा तसा त्याचा चेहरा झाला होता. तिकिटं बुडाली होती. पोरांना काय सांगायचं, घनश्यामला काय सांगायचं, दीपाला काय सांगायचं. पंचफुला त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला हायसं वाटत होतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

“पुन्याले रातच्या गाड्या असतात ना,” शेवटी ती म्हणाली. “उद्या सकाळी पोचू. कार्यक्रम काही चुकत नाही.”

इंद्रजितने पायलच्या नवऱ्याला फोन करून विमानतळावर येऊ नका म्हणून सांगितलं. दुपारी सुटणाऱ्या एका ट्रॅव्हल्समध्ये शेवटच्या दोन जागा मिळाल्या. गाठोडं ठेवायला जागा नव्हती म्हणून ते पंचफुलाने मांडीवर घेतलं. गाडीत बसल्यावर तिने टेबलाखालून आठवणीने उचललेला दीपाचा डबा उघडला आणि पोळी खाल्ली. इंद्रजितने डब्याकडे पाहिलंही नाही. त्याचं पोट आणि मन दोन्ही भरलेलं होतं.

गाडी कुठून जाते हे त्याने विचारलं नव्हतं. वर्धा गेलं, कळंब गेलं, आणि दिवे लागायच्या सुमाराला खिडकीतून यवतमाळचं स्टँड दिसलं तेव्हा तो सीटमध्ये खाली सरकला. रस्त्याच्या कडेला दोन बॅगा घेऊन दीपा उभी होती, आणि तिच्या मागे, गाडीचा नंबर वाचत, बाबाराव.

दीपा आधी चढली. सासूला पाहून ती पायरीवरच थांबली. तिला वाटलं सकाळच्या नवरीच्या मेकअपने आपले डोळे थकलेत. मग तिला शेजारी नवरा दिसला, आणि तिने ओठ घट्ट मिटले. हसू येत होतं की राग, ते कोणाला कळलं नसतं.

बाबाराव चढले. ते दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभे राहिले, एका हाताने वरची दांडी धरून, नोकरीभर उभे राहिले तसे. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं.

“तिकीट,” ते म्हणाले.

पंचफुलाने मुकाट्याने तिकीट पुढे केलं. बाबारावांनी ते दिव्याखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“नागपूर ते पुणे. बरोबर हाय,” असं म्हणून त्यांनी ते परत दिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

दारव्हा मागे पडलं. मग वळून त्यांनी विचारलं, “विमान गेलं का मंग?”

“गेलं,” इंद्रजित म्हणाला.

“टायमावर?”

“नाही. आपलं गाठोडं उतरवाले थांबलं होतं.”

बाबाराव विचारात पडले. “म्हनजे थांबवता येते,” ते म्हणाले, आणि या माहितीने त्यांचं विमानाविषयीचं मत बरंच सुधारलेलं दिसलं.

नामकरण चांगलं झालं. बाळ नव्या गादीवर ठेवल्याबरोबर झोपलं आणि बुद्धवंदना संपेपर्यंत उठलं नाही. पायलला आणि जावयाला सगळी हकिकत कळली, त्यांनी हसून घेतलं, आणि ही गोष्ट आर्णीत कोणाला सांगायची नाही असं कोणी न ठरवताच ठरलं. परत येताना चौघं ट्रॅव्हल्सनेच आले. विमानाबद्दल बोलणं निघालं नाही.

आर्णीत मात्र दुसरं बोलणं नव्हतं. घनश्यामने येऊन गावाला सांगितलेलं होतं. विमान थोडं उशिरा सुटलं पण झकास उडालं, डोळ्यांनी पाहिलं, असं तो पानठेल्यावर सांगत होता. वर्गात पोरांनी पैनगंगेचं विचारलं. इंद्रजितने त्यांना सांगितलं की हिवाळ्यात सकाळचं धुकं असतं, उन्हाळ्यात हवा स्वच्छ असते, तेव्हा वरून जास्त नीट दिसतं. यातला प्रत्येक शब्द खरा होता, पण तो त्या दिवशी तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर पडला.

रविवारी पार्लरमध्ये बायका जमल्या. काम दोघींचंच होतं, बाकीच्या ऐकायला आल्या होत्या. विजयमाला डोळ्यांत थेंब घालून पुढेच बसली होती. पंचफुलाला मधल्या खुर्चीत बसवलं. कसं होतं काकू, सगळं सांगा, असं सगळ्या म्हणाल्या. आतल्या दाराआड इंद्रजित श्वास रोखून उभा राहिला.

पंचफुलाने सांगितलं. बसायला इतकं मऊ की माणूस आत रुतून जाते. धक्का म्हणून नाही, एस.टी.सारखं अंग खिळखिळं होत नाही. पंखा दिसत नाही पण गार वाटते. खायला जे मागाल ते, पैसे विचारत नाहीत. पोहे होते पण तर्री नव्हती. संडास असा की तिथे बसून जेवावं. आणि काम करणारी पोरगी आपल्या बाभुळगावची, तिने पाच वेळा चहा दिला, ताटली उचलू दिली नाही.

बायका थक्क झाल्या. एकीने विचारलं की भीती नाही का वाटली.

“तिथं बसल्यावर नाही वाटली,” पंचफुला म्हणाली.

मग विजयमालाने पुढे सरकून विचारलं, “काकू, वरतून आपले वावरं कसे दिसते वं? कापसाचं पांढरं दिसते का काही?”

पंचफुलाचा हात खुर्चीच्या दांडीवर थबकला. तिने विजयमालाकडे पाहिलं. जिच्या कापसाची गादी तिने नातवाला नेली होती ती बाई, यंदा ज्या शेतात पांढरं फारसं उरलंच नव्हतं त्या शेताबद्दल विचारत होती.

“मी खाली पाह्यलंच नाही माय,” पंचफुला म्हणाली. आणि कोणी पुढे काही विचारायच्या आत ती चहा टाकायला उठली.

बायका गेल्यावर दीपा खोलीतले केस झाडत होती. पंचफुला दारात येऊन उभी राहिली.

“मी खोटं बोलली का गं?”

“नाही,” दीपा म्हणाली. “विमान तर तुमी म्हटलंच नाही.”

“त्या पोरीनं मले सांगतलं होतं. लोक बसून राह्यले म्हून. म्याच इंदरले नाही सांगतलं.”

दीपाचा झाडू थांबला.

“भेव वाटे मले,” पंचफुला म्हणाली. “तिकिटं काढली तवापासूनच. पन त्याचं तोंड पाह्यलं का नाही म्हनवेना. इतका खुश होता तो.” विजयमाला गेली त्या दाराकडे तिने पाहिलं. “त्या विजूले काय सांगू मी आता? वावर कसं दिसते तेवढंच तर इचारलं तिनं.”

दीपाने झाडू कोपऱ्यात ठेवला आणि ती आत गेली. इंद्रजित खाटेवर बसला होता, मोबाइल कानाला लावून. बँकेच्या फोनवर वाद्यं वाजत होती. महिना संपत आला होता आणि तो कार्ड बंद करत होता. सोबतच्या माणसाचे वेगळे पैसे पडतात हे त्याने तिला आता कबूल केलं. एवढं खाऊनही वसूल झालं नाही, रात्री उलट सोडा प्यावा लागला, हेही सांगितलं. तुझंच बरोबर होतं, तो म्हणाला.

दीपाने त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि फोन बंद केला.

“राहू द्या कार्ड,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात आईले घेऊन जा. खिडकीची जागा पाहा.”

इंद्रजितला आपण नीट ऐकलं का याची खात्री वाटेना. “फी?”

“एका नवरीचा मेकअप कमी समजू.”

तो दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहू लागला. तिला विचारायचं त्याला धाडस होईना. मागच्या वेळी त्याने नीट विचारलंच नव्हतं, हे त्याला आता कुठे जाणवलं होतं. तो नुसताच पाहत राहिला.

“जाऊ,” पंचफुला म्हणाली. “पन या बारी घरूनच जेवून निघू.”